वायूच्या गणितात वायू परत आणा
राज्याच्या रसायनशास्त्र अभ्यासक्रम समितीस खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,



२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यातली शालेय पुस्तके टप्प्याटप्प्याने नव्याने लिहिली जात आहेत. अकरावीच्या रसायनशास्त्राचा मजकूर पक्का होण्याआधी त्यातल्या एका छोट्या घटकाकडे आपले लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र. संतुलित समीकरणावरून वायूचे आकारमान काढण्याची गणिते, हा तो घटक. पुस्तकात त्याला मोजकी पाने मिळतात आणि परीक्षेत मोजके गुण. पण दहावीपर्यंत विज्ञान आवडीने शिकलेली मुले अकरावीच्या पहिल्याच प्रकरणात इथे येऊन अडखळतात. काही समजून पुढे जातात, बरीचशी सूत्र पाठ करून पुढे जातात आणि उरलेली मनाशी ठरवून टाकतात, की रसायनशास्त्र म्हणजे घोकंपट्टी. कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या शेवटच्या मुलांची. ती मठ्ठ नसतात. त्यांना कारण हवे असते आणि आपण त्यांना आकडा देतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. वायूचे आकारमान मोजणे म्हणजे रेणू मोजणे. ही गोष्ट मुलांना उमगण्याआधीच आपण त्यांच्या हाती एका मोल वायूच्या लिटरांतल्या आकारमानाचा २२.४ हा आकडा ठेवतो. मग वायू बाजूला राहतो आणि आकडाच गिरवला जातो.

नेहमीचे गणित घेऊ. १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पूर्णपणे तापवून विघटित केले, तर एसटीपीला, म्हणजे प्रमाणित तापमानाला व दाबाला, किती लिटर कार्बन डायऑक्साइड मिळेल? १० ला १०० ने भागले, २२.४ ने गुणले, उत्तर २.२४ लिटर. पूर्ण गुण. आता हे गणित बिनचूक सोडवणाऱ्या मुलांना आणखी तीन प्रश्न विचारून पाहावेत. पहिला: दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांचा पूर्ण संयोग झाला, तापमान व दाब तेवढाच ठेवला आणि पाणी वाफेच्याच रूपात राहिले, तर वाफ किती लिटर होईल? ‘तीन’ हे उत्तर वर्गात हमखास येते, कारण दोन आणि एक तीन. दुसरा: १८ ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानाला किती जागा घेईल? कोणीतरी २२.४ लिटर म्हणतेच. पाणी द्रव आहे आणि १८ ग्रॅम पाणी म्हणजे चार चमचेही नाही, हे त्या क्षणी कोणाच्या मनात येत नाही. तिसरा: तो २.२४ लिटर कार्बन डायऑक्साइड आपण या वर्गात, आत्ता मोजला, तर २.२४ लिटरच भरेल का? इथे वर्ग गप्प होतो.

हे तिन्ही प्रश्न अवघड नाहीत. पहिल्याचे उत्तर दोन लिटर, कारण समीकरण सांगते, की हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. आणि एकाच तापमानाला व दाबाला वायूची जागा रेणूंच्या संख्येवर ठरते. अभिक्रियेत वस्तुमान टिकते, अणूंची संख्या टिकते. आकारमान टिकलेच पाहिजे, असा नियम निसर्गात नाही. हे एक वाक्य मुलांना खरोखर पटले, तर या घटकातल्या निम्म्या चुका नाहीशा होतील. पण ते पटवायला आपल्या पुस्तकात सध्या जागाच नसते. मोलची व्याख्या येते, ॲव्होगाड्रो अंक येतो, २२.४ येते आणि लगेच सोडवलेली उदाहरणे सुरू होतात.

हा क्रम उलटा आहे, असे मला वाटते, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. १८०८ साली जोसेफ लुई गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की वायू एकमेकांशी संयोग पावतात ते साध्या पूर्णांकी आकारमानांत. दोन आकारमाने हायड्रोजन, एक आकारमान ऑक्सिजन, दोन आकारमाने वाफ. एक आकारमान नायट्रोजन, तीन आकारमाने हायड्रोजन, दोन आकारमाने अमोनिया. त्या वेळी मोल नव्हता, २२.४ नव्हते, अणूंची वजनेही नीट ठरलेली नव्हती. होते ते फक्त मोजलेले वायू आणि त्यांची गुणोत्तरे.

त्या गुणोत्तरांनी एक कोडे घातले. एका आकारमान ऑक्सिजनपासून दोन आकारमाने वाफ होते. सारख्या जागेत सारखेच कण असतील, तर ऑक्सिजनचा प्रत्येक कण दोन वाफकणांत वाटला गेला पाहिजे. पण जॉन डाल्टनच्या मते मूलद्रव्याचा कण म्हणजे अणू, आणि अणू तर अविभाज्य. म्हणून डाल्टनने गे-ल्युसॅकचे निष्कर्षच नाकारले. १८११ साली इटलीतल्या अमेदेओ ॲव्होगाड्रोने वाट दाखवली: सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते, आणि ऑक्सिजनसारख्या वायूचा रेणू एकाच अणूचा नसतो. तो दुभंगू शकतो. आपल्या मुलांना ऑक्सिजनच्या खाली छोटा दोन लिहायला सातवी-आठवीतच शिकवले जाते. तो दोन कुठून आला, हे कोणी सांगत नाही. तो आला वायूंची आकारमाने मोजण्यातून. ज्या घटकाला आपण सूत्रात घालून संपवतो, त्याच घटकातून ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा आहे हे माणसाला कळले. इतकी मोठी गोष्ट अकरावीच्या मुलापासून दूर का ठेवावी?

ॲव्होगाड्रोचे म्हणणे जवळजवळ पन्नास वर्षे मागे पडले. १८६० च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्लस्रूहे इथे रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ती अणुभारांचा आणि सूत्रांचा गोंधळ निस्तरण्यासाठी. तिथे स्तानिस्लाओ कॅनिझारो याने ॲव्होगाड्रोचा विचार ठामपणे मांडला आणि त्याची एक पुस्तिका उपस्थितांना वाटण्यात आली. ती पुस्तिका म्हणजे जिनोआ विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना तो जे शिकवत असे, त्या अभ्यासक्रमाचे १८५८ साली छापलेले सार होते. त्या परिषदेला तरुण मेंडेलीव्ह हजर होता. नऊ वर्षांनी त्याची आवर्तसारणी आली. सदस्यहो, हा प्रसंग मी मुद्दाम आपल्यासमोर ठेवतो. एका शास्त्राची अर्धशतकाची कोंडी फुटली, ती एका शिक्षकाने नीट क्रम लावून लिहिलेल्या अभ्यासक्रमामुळे. अभ्यासक्रम नीट लिहिण्याचे मोल किती, हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको.

म्हणून माझी पहिली विनंती: वायूंची पहिली गणिते मोलशिवाय द्यावीत. फक्त वायू आणि वायू. पाच लिटर प्रोपेन जाळायला त्याच दाबाचा आणि तापमानाचा किती ऑक्सिजन लागेल? समीकरणात प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात, म्हणून पंचवीस लिटर. इथे २२.४ चे काही कामच नाही. तरीही मुले पाचाला २२.४ ने भागतात, पाचाने गुणतात आणि पुन्हा २२.४ ने गुणतात. उत्तर बरोबर येते, वेळ वाया जातो आणि मूळ कल्पना तशीच झाकलेली राहते.

याच टप्प्यावर कमी पडणाऱ्या घटकाचे गणित किती सोपे होते, तेही पाहावे. दहा लिटर नायट्रोजन आणि पंधरा लिटर हायड्रोजन एकत्र केले. हायड्रोजन सगळा संपला असे धरले, तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणजे पाच लिटर नायट्रोजन वापरला गेला, दहा लिटर अमोनिया तयार झाला, पाच लिटर नायट्रोजन उरला. सुरुवातीचे पंचवीस लिटर शेवटी पंधरा झाले. मुलाला हे बोटांवर करता येते. पुढे रासायनिक समतोलाच्या प्रकरणात दाब वाढवल्यावर अमोनिया जास्त का मिळतो हे शिकवताना हेच गणित पुन्हा उपयोगी पडते: चार आकारमानांची दोन होतात, म्हणून दाबाखाली अभिक्रिया त्या बाजूला झुकते. अलिबागजवळ थळ इथे खताच्या कारखान्यात अमोनिया याच अभिक्रियेने बनतो. प्रत्यक्षात वायूंच्या एका फेरीत थोडाच भाग अमोनिया होतो आणि उरलेला वायू पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो, हेही त्याच ठिकाणी सांगता येईल. म्हणजे कागदावरचे ‘पूर्ण अभिक्रिया झाली असे मानून’ आणि कारखान्यातले वास्तव यांतले अंतर मुलांना दिसेल.

दुसरी, यानंतर मोल यावा. ग्रॅम आणि लिटर यांची थेट गाठ पडत नाही. मध्ये रेणूंची संख्या लागते, आणि ती सोयीच्या गठ्ठ्यांत मोजायची म्हणून मोल. तालुक्याच्या कुठल्याही गावाहून कुठल्याही गावी जायचे तरी गाडी जशी एसटी स्थानकातून जाते, तसे या गणितांत ग्रॅमपासून लिटरकडे, लिटरपासून ग्रॅमकडे किंवा रेणूंच्या संख्येकडे, कुठूनही कुठेही जाताना वाट मोलमधूनच जाते. दिलेल्या राशीचे मोल करा, समीकरणातल्या गुणोत्तराने दुसऱ्या पदार्थाचे मोल काढा, मग हव्या त्या राशीत उतरा. तीन पायऱ्या. प्रत्येक प्रकाराला वेगळे सूत्र लागत नाही. मुलांच्या वह्यांत मात्र एकेका प्रकाराला एकेक सूत्र चौकटीत लिहिलेले असते, आणि परीक्षेत कोणती चौकट उघडायची याचाच त्यांना प्रश्न पडतो.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: परिस्थिती. २२.४ लिटर हे एका मोल वायूचे आकारमान आहे ते शून्य अंश सेल्सिअस तापमानाला आणि एक ॲटमॉस्फिअर दाबाला. १९८२ साली रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रमाणित दाब एक बार धरावा अशी शिफारस केली. त्यानुसार हाच आकडा २२.७ होतो. काही पुस्तके जुना आकडा वापरतात, काही नवा. राष्ट्रीय पातळीवरच्या पुस्तकात एक बार आणि २२.७ दिलेले आहे, तर शिकवण्यांच्या कित्येक नोट्समध्ये अजून २२.४ च आहे. मूल दोन्ही वाचते आणि गोंधळते. फरक दीड टक्क्याच्या आतबाहेरचा आहे, पण बहुपर्यायी प्रश्नात दोन्ही उत्तरे पर्यायांत असू शकतात. पुस्तक, बोर्डाची प्रश्नपत्रिका आणि प्रवेश परीक्षा या तिन्हींत एकच संकेत असावा आणि प्रत्येक गणितात दाब व तापमान आकड्यांत लिहिलेले असावे, एवढी मागणी फार मोठी नाही.

पण मूळ मुद्दा याहून खोल आहे. आपल्या राज्यात शून्य अंश तापमानाचा वर्ग कुठेच नाही. मुंबईत समुद्रकाठी तीस अंशांना एक मोल वायू जवळजवळ २५ लिटर जागा घेतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो. २७ अंशांना तिथे एक मोल वायू २६ लिटरांहून जास्त जागा व्यापतो. म्हणजे २२.४ हा आकडा आपल्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत कधीच प्रत्यक्ष दिसणार नाही. तरी तोच आकडा त्याला वायूचा अंगभूत गुण वाटतो, जसा हायड्रोजनचा अणुभार एक.

याचा परिणाम काय होतो, ते एका प्रयोगाने दाखवतो. मॅग्नेशियमच्या फितीचा ०.०४ ग्रॅमचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा आणि निघणारा हायड्रोजन पाण्यावर उपड्या धरलेल्या मापनळीत गोळा करायचा. मॅग्नेशियमचा एक मोल म्हणजे २४.३ ग्रॅम, त्याच्या एका मोलपासून हायड्रोजनचा एक मोल मिळतो. २२.४ धरून उत्तर येते सुमारे ३७ मिलिलिटर. पुण्यातल्या प्रयोगशाळेत २७ अंशांना मात्र नळीत ४५ मिलिलिटरच्या आसपास वायू दिसेल. तापमान जास्त, दाब कमी, आणि नळीतल्या वायूत हायड्रोजनबरोबर पाण्याची वाफही आहे. २७ अंशांना तिचा दाब साधारण ३.६ किलोपास्कल असतो, तो एकूण दाबातून वजा करावा लागतो. ९५ मधून ३.६ गेले, उरले ९१.४. आता आदर्श वायूचे समीकरण लावले, की उत्तर ४४.९ मिलिलिटर येते, आणि नळी तेच सांगत असते.

विचार करा. नीट प्रयोग केलेल्या मुलाला २२.४ धरून आपण सांगू, की तुझे उत्तर वीस टक्क्यांहून अधिक चुकले. तो काय करील? पुढच्या वेळी वहीत ३७ लिहील. विज्ञान शिकवताना मुलाला निरीक्षण खोटे लिहायची सवय लागावी, याहून वाईट काही नाही. उलट त्याच मुलाला तापमापी आणि दाबाचा आकडा द्या, वाफेचा तक्ता द्या, आणि ४५ चा हिशेब त्याच्याकडूनच लावून घ्या. त्या दिवशी त्याला कळेल, की समीकरण, आकडे आणि काचेच्या नळीतला वायू हे तिन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलतात.

‘साहित्य कुठून आणायचे?’ असे कोणी म्हणेल. मापनळी, पाण्याचे घमेले, तापमापी, आम्ल आणि मॅग्नेशियमची फीत, एवढेच लागते. ०.०४ ग्रॅम तोलण्याइतका नाजूक तराजू नसेल, तर मीटरभर फीत तोलून लांबीच्या प्रमाणात तुकडा कापता येतो. आम्ल सौम्य, डोळ्यांवर चष्मा आणि जवळपास ज्योत नाही, एवढे पथ्य पाळले की पुरे. दाबाच्या बाबतीत एक खबरदारी पुस्तकात ठळक छापावी: हवामानाच्या बातम्यांतला दाब बहुधा समुद्रसपाटीला बदलून दिलेला असतो. पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर अशा उंचीवरच्या गावांनी तो तसाच वापरला, तर हिशेब चुकेल. गावाच्या उंचीवरून दाब काढण्याचा एक छोटा तक्ता प्रयोगवहीच्या शेवटी दिला, तर राज्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाचा स्वतःचा मोलर आकडा होईल. कार्बन डायऑक्साइड पाण्यात बराच विरघळतो, म्हणून पहिल्या प्रयोगाला हायड्रोजनच घ्यावा, हेही तिथे लिहावे.

आणि ही गणिते फक्त परीक्षेसाठी नाहीत. दर हिवाळ्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. त्यामागचे गणित आपल्या अकरावीच्या मुलाला येते. फक्त ते त्याला कोणी घालत नाही. १.२ मीटर रुंद, २ मीटर लांब आणि अडीच मीटर उंच न्हाणीघर घेऊ. त्यात सहा हजार लिटर हवा, त्यातला ऑक्सिजन २१ टक्क्यांनी १,२६० लिटर. सिलिंडरमधला गॅस सोयीसाठी सगळा ब्युटेन धरू. ब्युटेनच्या एका रेणूला साडेसहा रेणू ऑक्सिजन लागतो. आंघोळीच्या दोन मोठ्या बादल्या, म्हणजे साधारण चाळीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला शंभर ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. ब्युटेनचा मोल ५८ ग्रॅमचा. शंभर ग्रॅम म्हणजे १.७ मोल, त्याला ऑक्सिजन ११.२ मोल, मोलला २५ लिटर धरले तर २८० लिटर.

खिडकी बंद, झरोका बुजवलेला आणि दाराखालच्या फटीत कापड, अशा खोलीत दोन बादल्यांतच ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा संपतो. त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून साडेसोळा टक्क्यांच्या आसपास येते, आणि कार्बन डायऑक्साइड पावणेदोनशे लिटरांच्या घरात साठतो. खोली पूर्ण बंद मानून केलेला हा हिशेब आहे, पण त्याची दिशा स्पष्ट आहे. पुढची पायरी आणखी घातक. ऑक्सिजन अपुरा पडला, की ब्युटेन वेगळ्या समीकरणाने जळू लागतो: साडेसहाऐवजी साडेचार रेणूंवर भागवतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. ‘झरोका बंद करू नका’ ही सूचना घरोघरी ऐकू येते. पण हे गणित स्वतः सोडवलेले सोळा वर्षांचे मूल घरी जाऊन झरोक्यासमोरचे खोके स्वतःच्या हाताने हलवील. एका छोट्या उदाहरणाकडून याहून जास्त काय मागायचे?

अशी उदाहरणे आपल्या भोवती पुष्कळ आहेत. सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला, की मिस्त्री शेगडीचे जेट का बदलतो? कारण मिथेनच्या एका लिटरला दोनच लिटर ऑक्सिजन लागतो आणि त्यातून मिळणारी उष्णता लिटरभर ब्युटेनच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी कमी असते; तेवढीच आच हवी तर जास्त वायू सोडावा लागतो. ढोकळ्याच्या पिठात पाच ग्रॅम खाण्याचा सोडा पुरेशा आंबटाबरोबर घातला, तर सुमारे दीड लिटर कार्बन डायऑक्साइड सुटू शकतो. मळी आंबवण्याच्या टाक्यांत उतरण्याआधी हवा का खेळवावी लागते, त्याचेही उत्तर इथेच आहे: एक किलो ग्लुकोज पूर्ण आंबला तर पावणेतीनशे लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तो टाकीच्या तळाशी साचतो. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या मुलांना हे उदाहरण परके वाटणार नाही.

मला दुसरी बाजूही माहीत आहे. राज्याच्या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात. प्रश्नामागे एक मिनिटही मिळत नाही. शिक्षक म्हणतात, समजावत बसायला वेळ कुठे आहे? पण वर दिलेल्या प्रोपेनच्या गणिताकडे पुन्हा पाहावे. कारण समजलेले मूल ते पाच सेकंदांत सोडवते. सूत्र पाठ केलेले मूल भागाकार-गुणाकारात अडकते. समजणे हा वेगाचा शत्रू नाही. चार आठवड्यांत विसरले जाणारे सूत्र पुन्हा पुन्हा पाठ करण्यात जो वेळ जातो, तो मोजला तर उलटेच दिसेल.

आणखी एक अडचण आपल्या राज्याची खास आहे. नववीच्या विज्ञानात मोल मराठीतून शिकलेली हजारो मुले अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसतात. रेणुवस्तुमान, आकारमान, संतुलित समीकरण हे सगळे त्यांना माहीत असते, पण नव्या नावांच्या आड लपते. पहिल्या प्रकरणाबरोबर चार पानी मराठी पुरवणी दिली, त्यात याच घटकाची दोन-तीन सोडवलेली उदाहरणे मराठीतून दिली, तर खेड्यापाड्यातून आलेल्या मुलीला हे आपल्याला येते याचा धीर मिळेल.

म्हणून, सदस्यहो, माझ्या मागण्या एकत्र मांडतो.

पहिली, हा घटक गे-ल्युसॅकच्या आकारमानांपासून सुरू करावा. मोल आणि मोलर आकारमान त्यानंतर यावे.

दुसरी, प्रत्येक गणितात तापमान आणि दाब आकड्यांत द्यावा. निम्मी गणिते तरी आपल्या गावच्या परिस्थितीतली असावीत. आणि एसटीपीचा एकच संकेत पुस्तक, बोर्ड आणि प्रवेश परीक्षा यांनी मिळून ठरवावा.

तिसरी, मॅग्नेशियम आणि आम्लाचा प्रयोग प्रात्यक्षिकात सक्तीचा करावा. मुलाच्या निरीक्षणाला गुण द्यावेत, छापील आकड्याशी जुळण्याला नव्हे.

चौथी, लेखी परीक्षेत दरवर्षी एक प्रश्न असा असावा, ज्यात आकडेमोड नाही, कारण विचारले आहे: आकारमान का घटले, २२.४ इथे का लावता येत नाही, कोणता वायू उरेल आणि का.

पाचवी, न्हाणीघराचे गणित पुस्तकात घ्यावे. जीव वाचवू शकणारे उदाहरण हाताशी असताना ते बाहेर ठेवू नये.

यातली एकही मागणी पाने वाढवणारी नाही. सोडवलेल्या उदाहरणांपैकी एकाच साच्यातली सात-आठ कमी केली, की या सगळ्याला जागा होते. प्रकरणाचा कच्चा मसुदा छपाईपूर्वी महिनाभर राज्यातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांसमोर ठेवावा, अशीही विनंती आहे. वर्गात मुले नेमकी कुठे अडतात ते आम्ही रोज पाहतो. ते तुमच्यापर्यंत पोचवणे आमचे काम आहे आणि ते करायला आमच्यातले अनेकजण आनंदाने पुढे येतील. कोकणातल्या शाळेचा दाब, घाटावरच्या शाळेचा दाब, विदर्भातल्या मे महिन्याचे तापमान, असे आकडे गोळा करून द्यायचे असतील, तर तेही आम्ही देऊ. तुम्ही फक्त त्या पानांवर त्यांना जागा द्या.

आपला नम्र,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक रसायनशास्त्र शिक्षक